मदत हवी आहे : स्लीव्हच्या ऑपरेशनला ४० नंबरची नळी वापरली. पोट मोठं राहिलं असेल का?

केळीबाग :

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहायची वेळ आली.

मी भुसावळजवळच्या एका गावातली. वय ३८, उंची १५८ सेंमी. फेब्रुवारीत नाशिकला एका खासगी दवाखान्यात माझं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटाचा मोठा भाग कापून उरलेलं नळीसारखं अरुंद करायचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. ऑपरेशनच्या वेळी वजन १०८ किलो होतं, आज ९४ आहे. शुगरची गोळी अर्ध्यावर आली, थायरॉईडची आहे तेवढीच चालू आहे. टाके, ताप, गळती असलं काही झालं नाही. म्हणजे कागदावर सगळं ठीक.

पण डिस्चार्ज कार्डावर एक ओळ आहे, "४० एफ बूजीवर स्लीव्ह". बूजी म्हणजे ऑपरेशनच्या वेळी पोटात घालतात ती नळी. मी ती कधी नीट वाचलीही नव्हती. ऑपरेशन झालेल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात कुणीतरी आपापला नंबर विचारला. बहुतेकांचा ३६, एकीचा ३२. माझा ४० कळल्यावर लगेच एकजण म्हणाले, "ताई, तुमचं सैल शिवलंय, वर्षभरात पोट पुन्हा ताणणार." त्यांचा ३६ आहे आणि माझ्याइतक्याच दिवसांत त्यांचे २८ किलो उतरलेत. माझे १४. त्या दिवसापासून डोक्यात भुंगा शिरलाय.

त्यात गेला पंधरवडा काटा ९४ वरून हलत नाही. सुरुवातीला चार चमचे वरणात पोट गच्च व्हायचं, आता वाटीभर मऊ खिचडी सहज जाते. पहिला महिना भूक म्हणून लागली नव्हती, आता अकरा वाजले की पोटात कालवायला लागतं. हेच ते ताणणं का? भाकरी मात्र अजून अडकते, कळण्याची तर दुसऱ्या घासालाच छातीत बसते.

घरचे दोन पक्ष आहेत. सासूबाईंच्या मते मी खात नाही म्हणून चेहरा उतरलाय. नवऱ्याच्या मते एवढे पैसे घालून निम्मंच काम झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी जायचंय, तिथे खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, आणि आई "खाय ना वं माय" म्हणत ताटाशी बसणार. सर्जनसाहेबांची पुढची तारीख मे महिन्यात आहे. नुसत्या नंबरासाठी फोन करायला संकोच वाटतो. नळी मोठी वापरली तर वजन कमी उतरतं, हे खरं आहे का? आणि पोट मोठं राहिलंय की नाही हे तपासता येतं का?

तापीकाठ :

ताई, माझं २०२१ ला झालंय. काटा अडकणं सगळ्यांच्या नशिबी असतं. माझा तिसऱ्या आठवड्यात अडकला, मग तिसऱ्या महिन्यात पुन्हा. रोज काट्यावर चढू नका, आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच कपड्यांत. आणि आधी एक सांगा, दिवसभरात नेमकं काय काय खाता-पिता?

जुनाजाणता :

एवढ्या तेवढ्यासाठी पोट कापायची फॅशनच आलीय. रोज अनशापोटी जिऱ्याचं पाणी आणि जेवणात जवसाची चटणी घेतली असती तर ही वेळ आली नसती.

तापीकाठ :

काका, झालंय ते ऑपरेशन. कापलेलं पोट जवसाने परत बसत नाही. पुढचं बोला.

हिरवागाऊन :

मी सर्जन नाही, पण बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात काम करते आणि ही नळी रोज हाताळते. म्हणून एवढंच सांगते की नंबर म्हणजे काय. बाकी तुमच्या सर्जनना विचाराच.

एफ म्हणजे फ्रेंच. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. ३६ ची नळी १२ मिलिमीटर जाडीची, ४० ची साधारण १३.३. दोन्ही हातात घेतल्या तर छापलेला आकडा बघितल्याशिवाय मलाही पटकन सांगता येत नाही. ज्यावरून तुमची झोप उडालीय तो फरक सव्वा मिलिमीटरच्या आसपास आहे.

दुसरं, नळी म्हणजे पोटाचं माप नव्हे. ती तोंडातून आत घालतात आणि तिच्या कडेने स्टेपलर लावत जातात, पोट वाकडंतिकडं किंवा फार अरुंद शिवलं जाऊ नये म्हणून. मग काढून टाकतात. स्टेपलर नळीला अगदी खेटून लावला की थोडं अंतर सोडून, वरून टाके घातले की नाही, यावर शेवटची रुंदी ठरते. ३६ वर सैल हाताने केलेली स्लीव्ह ४० वर घट्ट केलेलीपेक्षा मोठी निघू शकते. शिवाय नळीपेक्षा जास्त महत्त्वाच्या दोन जागा असतात. एक खालची : जठराच्या खालच्या तोंडापासून, म्हणजे पायलोरसपासून किती सेंटिमीटरवर कापायला सुरुवात केली. दोनपासून सहापर्यंत प्रत्येक सर्जनचा आपापला हिशेब असतो. दुसरी वरची, डावीकडची पिशवी, फंडस. ती नीट निघाली पाहिजे, कारण ताणते ती मुख्यतः तीच, आणि भुकेचं हार्मोन ग्रेलिनही जास्त करून तिथेच तयार होतं. तुमच्या कार्डावर यातलं काही नसेल. ते ऑपरेशन नोटमध्ये असतं. ती मागा, तुमचा हक्क आहे.

आता ४० चांगला की वाईट. २०१२ साली जगभरच्या स्लीव्ह करणाऱ्या सर्जनांनी मिळून ३२ ते ३६ हे माप योग्य ठरवलं होतं, ग्रुपात जे ऐकलंत ते तिथूनच पाझरलेलं आहे. पण २०१३ मध्ये जवळपास दहा हजार रुग्णांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात ४० किंवा त्याहून मोठी नळी वापरलेल्यांत टाक्यांची गळती कमी दिसली, आणि तीन वर्षांपर्यंत वजन उतरण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. अरुंद नळीचे तोटे ग्रुपात कुणी सांगत नाही. आत दाब वाढतो, वरच्या टोकाला गळतीची भीती वाढते, मधल्या वळणावर पोट आवळलं गेलं तर उलट्या थांबत नाहीत. शुगरचा पेशंट असेल तर जखम भरायची काळजीही असते. तुमच्या सर्जननी ४० का घेतली ते मला माहीत नाही, पण तो आकडा बघून मी तरी दचकले नसते.

खिचडीचं म्हणाल तर आधी आतून सूज असते, ती उतरली की जागा होते. त्याला ताणणं म्हणत नाहीत. आणि मऊ खिचडी सरकून जाते, भाकरी अडकते. भाकरी अडकतेय म्हणजे पोट ढोलासारखं झालेलं नाही, एवढं तरी दिसतंच आहे!

एकच ताकीद. पाणीसुद्धा टिकत नाही, सारखी उलटी, ताप, छातीत धडधड, डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काही झालं तर मे महिन्याची वाट बघायची नाही. आणि बरेच दिवस उलट्या होऊन चालताना तोल जायला लागला किंवा एकाचे दोन दिसायला लागले तर तो बी-१ म्हणजे थायमिनचा प्रश्न असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बट्टीवाला :

मी धुळ्याचा. आमच्या मोठ्या बंधूंचं झालंय, त्यांच्याबरोबर फिरून जो हिशेब कळला तो सांगतो. किलोची किलोशी तुलना करू नका. ज्यांचे २८ उतरले त्यांचं सुरुवातीचं वजन विचारलंत का? १४० असेल तर वीस टक्के झाले. तुमचे १०८ पैकी १४, म्हणजे तेरा टक्के. तरी ते पुढे आहेत, पण दुप्पट नाहीत. पुरुषांचे स्नायू जास्त, त्यांचं सुरुवातीला भराभर उतरतं, त्यात तुमचा थायरॉईड. पहिल्या वर्षात मूळ वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के उतरलं तर डॉक्टर खूश असतात. तुमच्या बाबतीत ते ७६ ते ८१ किलो होतं. वजन उतरायचा काळ साधारण वर्ष-दीड वर्ष असतो, तुम्ही अजून पहिल्या तिमाहीत आहात.

केळीबाग :

सगळ्यांचे आभार. बट्टीवाला, आत्ताच विचारलं. ते १५२ होते! हे त्यांनी ग्रुपात कधी सांगितलंच नाही.

तापीकाठ, माझा दिवस असा : सकाळी चहा आणि मारीची दोन बिस्किटं. दहाला फळ, बहुतेक केळं, घरचीच बाग आहे. दुपारी वरणाचं पाणी आणि मऊ भात किंवा खिचडी. चारला ताक. ऊन फार झालं की लिंबू सरबत, इकडे पारा ४४ च्या पुढे गेलाय. रात्री पुन्हा खिचडी, किंवा भरीत भाकरीशिवाय. झोपताना कपभर दूध. घरात अंडं चालत नाही. प्रोटीन पावडरीचा वास आला की मळमळतं, म्हणून ती बंद आहे.

तापीकाठ :

सापडलं! तुमच्या नळीत नाही, ताटात बघा. ढोबळ हिशेब केला तरी दिवसाला तीस ग्रॅमच्या आतच प्रोटीन जातंय. आपल्याला साठ तरी लागतं. ते कमी पडलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, काटा रेंगाळतो, आणि पुढच्या महिन्यात केस हातात यायला लागतील ते वेगळंच.

वरणाचं पाणी म्हणजे प्रोटीन नव्हे, प्रोटीन खाली बसलेल्या डाळीत असतं. घट्ट वरण घ्या, आपली फौजदारी डाळ बिनतर्रीची आणि कमी तिखट केली तर छान जाते. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास मिळतं, तेवढं एका वेळी जाणार नाही, दोनदा कुस्करून खा. दही फडक्यात टांगून घट्ट केलेलं. सोयाबीनच्या वड्या भिजवून, बारीक करून भरितात मिसळा, सासूबाईंना कळणारही नाही. पावडर गोड व्हॅनिलाची असेल तर बिनचवीची मागवा आणि ताकात जिरं-मीठ घालून घुसळा, मला तशीच जमली. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भात. केळं रोज नको, बाग घरची असली तरी.

भरितात तेल किती पडतं ते आपण दोघीही जाणतो. वांगी भाजून, मिरच्या-लसूण कुटून, वरून चमचाभर तेल. कढईत धार सोडायची नाही.

आमरसाचं नीट ऐका. पुरणपोळी अडकेल, तिची भीती नाही. आमरस, उसाचा रस, आइस्क्रीम हे सरळ खाली उतरतं, पोट भरल्याचं कळतच नाही आणि साखर मात्र पुरी जाते. ४० असो की ३२, पातळ गोडापुढे सगळ्या स्लीव्ह सारख्याच. आखाजीला दोन चमचे रस घ्या, आईचं मन राहील.

हिरवागाऊन :

सरबत साखरेचं असेल तर तेही त्यातच धरा. लिंबू-मीठ-पाणी घ्या. या उन्हात खरा धोका पाण्याचा आहे. स्लीव्हनंतर एका दमात तांब्याभर पिता येत नाही, म्हणून घोट घोट करत दिवसभरात दीड-दोन लिटर व्हायला हवं. जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय समजा. बीपीची गोळी चालू असेल तर तिचा डोस विचारून घ्या, वजन उतरल्यावर तीच गोळी जास्त होते आणि उठताना गरगरतं.

केळीबाग :

बीपीची नाही. उद्यापासून घट्ट वरण आणि पनीर. मग मे महिन्यात काय काय विचारू? आणि ते पोटाचं माप तपासायचं राहिलंच.

हिरवागाऊन :

तपासता येतं. औषध पाजून एक्स-रे काढतात, त्यात स्लीव्हचा आकार, फंडस उरलाय का, कुठे आवळलंय का ते दिसतं. पण उलट्या किंवा जळजळ नसेल तर आत्ता कुणी करणार नाही, करायची गरजही नाही. वर्षा-दीड वर्षाने वजन अपेक्षेपेक्षा फारच कमी उतरलं, किंवा उतरलेलं परत चढायला लागलं, तर तेव्हा तो विषय.

मे महिन्यात ऑपरेशन नोटची प्रत मागा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच यांच्या रक्ततपासण्या करायच्या का ते विचारा. थायरॉईडची गोळी वजनाप्रमाणे बदलावी लागते, म्हणून टीएसएच विसरू नका. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी काही महिने गोळी देतात, तुम्हाला दिलीय का ते बघा. अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेऊ नका, पोटात व्रण पडतात. आणि लोहाची गोळी व कॅल्शियम एकत्र गिळत असाल तर दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉईडच्या गोळीपासून तर दोन्ही चार तास लांब.