क्रूझवरची थीम रेस्टॉरंट्स: जेवण की नुसता झगमगाट?

टॅम्पाकर:
मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राशी यावरून चांगलीच जुंपली म्हणून धागा काढतोय. त्याचं म्हणणं, फॅमिली क्रूझवर जेवणाच्या हॉलमध्ये कार्टून आणि लाइटिंग म्हणजे पोरांना भुलवून आईबापाचा खिसा रिकामा करायचा धंदा. मला हे अजिबात पटत नाही.

आम्ही डिसेंबरात आईला घेऊन डिस्ने कंपनीच्या फँटसी या बोटीवर गेलो होतो, फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलहून सात रात्री. तिथे तीन मोठी रेस्टॉरंट्स आहेत, पाळीपाळीने रोज वेगळ्या हॉलमध्ये जेवायचं, पण वेटर तेच राहतात, ते तुमच्याबरोबरच हॉल बदलतात. १९९८ साली त्यांची पहिली बोट मॅजिक आली तेव्हापासून हीच पद्धत आहे. त्यातल्या एन्चँटेड गार्डनमध्ये छतावरचा उजेड जेवता जेवता दुपारचा संध्याकाळचा होतो, ते छानच, पण मला सांगायचंय ते अ‍ॅनिमेटर्स पॅलेट या दुसऱ्या हॉलबद्दल. तिथे एका रात्री टेबलावर कागद आणि मार्कर देतात, प्रत्येकाने एका माणसाचं चित्र काढायचं, वेटर कागद घेऊन जातो आणि जेवण संपता संपता आपलीच चित्रं भिंतीवरच्या स्क्रीनवर नाचायला लागतात. माझी आई ७२ वर्षांची, इंग्रजी येत नाही, आधी कागद हातातच घेईना, मग नऊवारीतली बाई काढली. ती बाई स्क्रीनवर नाचायला लागल्यावर आई उभी राहिली आणि माझ्या मुलीला म्हणाली, "अगं ती मी!" त्या दोघींना भाषा आड येते, एरवी अर्ध्या गोष्टी मला सांगून सांगून पोचवाव्या लागतात, त्या रात्री माझी गरजच पडली नाही. आता मला सांगा यात कोणाला काय भुलवलं?

कोथरूडचा बाबा:
आईंचा किस्सा वाचून खरंच बरं वाटलं, पण मी तुमच्या मित्राच्या बाजूने. आम्ही दुसऱ्या एका कंपनीच्या बोटीवर होतो, नाव लिहीत नाही. थीम रेस्टॉरंटचे वेगळे पैसे, बुकिंग मिळालं रात्री साडेनऊचं, चार वर्षांचा मुलगा पेंगुळलेला, त्यात मुखवटा घातलेला माणूस टेबलाशी आला आणि पोरगं जे रडायला लागलं ते केबिनमध्ये जाईपर्यंत थांबलं नाही. व्हेज म्हणून पास्ता आणि उकडलेल्या भाज्या. पण त्याहून मोठा मुद्दा हा की माणूस समुद्रावर कशाला जातो? आम्ही बसलो होतो त्या हॉलला एक खिडकी नव्हती! बाहेर सूर्य पाण्यात बुडतोय आणि आपण आत प्लायवूडच्या जंगलात बसून सूप पितोय. दुसऱ्या रात्री वरच्या डेकवर बफेतून प्लेट भरून आणली, वारा होता, पाणी दिसत होतं, मुलगा शांतपणे दोन पोळ्यांएवढं जेवला. माझ्या मते तेच खरं क्रूझचं जेवण.

खवय्या:
कोबा (कोथरूडचा बाबा हो), वेगळे पैसे सगळीकडे पडत नाहीत. डिस्नेवर हे तिन्ही हॉल तिकिटातच येतात, जेवणाबरोबरचं कोल्ड्रिंकसुद्धा. जादा पैसे लागतात ते पालोसारख्या फक्त मोठ्यांच्या रेस्टॉरंटला, तिथे अठराच्या आत प्रवेशच नाही. आणि थीम म्हणजे नुसती सजावट असंही नाही. रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या कंपनीच्या क्वांटम क्लासच्या बोटींवर वंडरलँड नावाचं रेस्टॉरंट आहे (हे मात्र पेड), मेनू म्हणून कोरा कागद येतो, ब्रशने पाणी फिरवलं की पदार्थांची नावं उमटतात, आणि पुढे येणारे पदार्थही तसेच, दिसतं एक आणि चव निघते दुसरीच. तिथे थीम ताटात आहे. भिंतीवर असेल आणि ताटात नसेल तर मीही तुमच्याच बाजूने.

दोन पिल्लांची आई:
मी दोन वेळा डिस्नेला गेलेय आणि दोन्ही वेळा आवडलं, तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. सगळे म्हणतात कुटुंब एकत्र जेवतं. दुसऱ्या सिटिंगला, म्हणजे जेवणाच्या साधारण सव्वाआठच्या पाळीला, डाइन अँड प्ले म्हणून सोय आहे, लहान मुलांना आधी वाढतात आणि पाऊण तासात बोटीवरच्या मुलांच्या क्लबमधले लोक येऊन त्यांना खेळायला घेऊन जातात. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढी सजावट केली तेच उठून गेले! पहिल्या ट्रिपला मी सोडलं मुलांना, नवऱ्याबरोबर निवांत कॉफी प्यायले, मजा आली खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वेळी लवकरचं, पावणेसहाचं सिटिंग घेतलं आणि मुलांना शेवटपर्यंत बसवलं. फरक पडतो हो. तेव्हा टॅम्पाकर म्हणतात ते आपोआप होत नाही, आपल्याला ठरवून करावं लागतं.

फोंडेकार:
सगळे भिंती आणि ताट बघतायत, वाढणाऱ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या गोव्यात दर दोन-चार घरांआड कोणीतरी बोटीवर असतं, माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं डायनिंगला होता. सकाळी ब्रेकफास्ट, संध्याकाळी दोन सिटिंग, मधल्या वेळात टेबलं आवरून पुन्हा मांडायची, कॉन्ट्रॅक्ट सात-आठ महिन्यांचं आणि तेवढे दिवस घर नाही. तरी तो म्हणायचा की पाहुण्यांबरोबर हॉल बदलायची पद्धत वेटरला आवडते, कारण दुसऱ्या रात्री त्याला कळलेलं असतं की या मुलाला सॉस वेगळा हवा, त्या आजींना थंड पाणी चालत नाही. रोज नवीन टेबल मिळालं तर माणूस नुसता प्लेटी उचलतो. माझं मत विचाराल तर थीम असो नसो, ही ओळख होते की नाही ते बघा. आणि शेवटच्या रात्री टिप देताना हात आखडू नका, त्याच्यावर एकेक घर चालतं.

टॅम्पाकर:
फोंडेकार, शंभर टक्के. आमच्या वेटरने पहिल्याच रात्री विचारलं शाकाहारी कोण, उद्यासाठी डाळ-भाजी सांगून ठेवू का, आणि दुसऱ्या दिवसापासून आईसमोर मेनूत नसलेली डाळ, भाजी, भात यायला लागलं. चौथ्या रात्री तो तिला आजी म्हणायला लागला होता. दोन पिल्लांची आई, तुमचा मुद्दा मान्य, आमचंही पावणेसहाचंच होतं. फक्त कोबा, समुद्र दिवसभर असतोच ना? दुपारभर डेकवर बसून बघा की. रात्री बाहेर काळोखच असतो.

कोथरूडचा बाबा:
पावणेसहाला काळोख नसतो टॅम्पाकर, आणि मला तीच वेळ हवी असते. वेटरचं जे लिहिलंत ते खूप पटलं, पण त्यासाठी कार्टून कशाला लागतं, साध्या हॉलमध्येही तो माणूस तसाच वागला असता. पुढच्या दिवाळीत सासऱ्यांना घेऊन जायचंय, ते कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया बघतोय, तिच्यावर जैन जेवण मिळतं. थीम नको, खिडकीजवळचं टेबल मागणार आहे. कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा, टेबल आधी सांगून मिळतं का?