ऑटिस्टिक भावाला माणसं नकोत असं आम्ही धरूनच चाललो होतो

गंगापूररोडची_ताई:
माझा धाकटा भाऊ ३१ चा, ऑटिझमचं निदान मागच्या वर्षी झालं. ह्याला एकटंच आवडतं असं घरात सगळ्यांचं ठरलेलं, लग्नात जेवण झालं की हा गाडीत जाऊन बसणार. परवा सोमेश्वरला धबधब्यापाशी अचानक म्हणाला, ताई मला कोणी फोनच करत नाही गं. काळजात चर्र झालं. काय करू?

सिडकोवाला:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे. एकांत हवा असणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं. रविवारी मित्र मिसळीला बोलवतात, तिथे ताटल्यांचा आवाज, दहा जण एकदम बोलतायत, समोरच्याचं वाक्यच पोचत नाही मग मी नुसता हसून मान हलवतो आणि घरी येऊन दिवसभर आडवा. ह्याला मास्किंग म्हणतात. त्यांना आवडतो तो मी नसतोच, म्हणून चारचौघात जास्त एकटं वाटतं.

पंचवटीकर:
डेमियन मिल्टन हे संशोधक स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये डबल एम्पथी मांडलं, म्हणजे ऑटिस्टिक आणि बाकीचे, न समजणं दोन्हीकडून असतं. २०२० च्या एका अभ्यासात आठ-आठ जणांच्या साखळीत गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली, सगळे ऑटिस्टिक असताना ती इतरांइतकीच नीट पोचली, मिश्र साखळीत जास्त गळली. त्याला सुधारायला जाऊ नका प्लीज.

गंगापूररोडची_ताई:
त्याला रेल्वेचं वेड आहे, देवळाली स्टेशनवर तासन् तास बसतो.

सिडकोवाला:
मग तिथेच भेटू की, बाकावर शेजारी बसू, बोललंच पाहिजे असं नाही. आधी त्याला विचारा मात्र.