मदत हवी आहे : फ्लूची लस आणि वडिलांचा पैशाचा हिशेब

माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी फ्लूची लस घेण्यास सांगून दोन महिने झाले. ती चिठ्ठी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेली आहे, रोज चष्मा काढताना ती हाताला लागते आणि तशीच परत आत जाते.

त्यांचा पहिला आक्षेप असा, की मागे एकदा लस घेतल्यावर ताप आला, म्हणजे लशीनेच फ्लू झाला. टोचून दिल्या जाणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही, एखाददुसरा दिवस कणकण येऊ शकते, हे मी समजावले आणि ते त्यांना बऱ्याच अंशी पटलेही. खरी अडचण पैशाची आहे. ऐपत नाही असे मुळीच नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांवर ते दरमहा विनातक्रार खर्च करतात, परंतु 'आजार नसताना पैसे कशाला घालवायचे, आणि तेही दर वर्षी?' हा त्यांचा प्रश्न आहे. विषाणू सतत बदलत असल्याने लशीचे घटक दर वर्षी नव्याने ठरवले जातात आणि मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरते, हे उत्तर त्यांना दुकानदाराच्या युक्तिवादासारखे वाटते. मी पैसे भरतो म्हटले, तर तो त्यांना अपमान वाटतो. (स्वभाव माझाही तसाच आहे.)

लशीचा परिणाम दिसण्यास साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून साथीपूर्वी निर्णय व्हावा, ही माझी घाई. आपल्या घरातील ज्येष्ठांनी स्वतःहून खर्च करून लस घेतली असल्यास नेमके कशामुळे त्यांचे मन वळले, हे कृपया सविस्तर कळवावे.