मदत हवी आहे: पेशीपटलातली प्रथिनं सरकतात, मग आपापल्या बाजूला टिकतात कशी?

नमस्कार मंडळी,

वडोदऱ्यात दांडिया बाजारात मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पुस्तकं एनसीईआरटीची, मुलं मराठी घरांतली, म्हणून समजावणं मराठीतूनच होतं. सध्या पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, चालू आहे आणि एका मुलीच्या प्रश्नापाशी अडले आहे.

सिंगर आणि निकोल्सन यांचं पटलाचं १९७२ चं प्रारूप मुलांना पटलं. फॉस्फोलिपिड या चरबीसारख्या रेणूंचे दोन थर, डोकी पाण्याकडे, तेलकट शेपट्या आत, आणि त्यात बसलेली, इकडेतिकडे सरकणारी प्रथिनं. पुरावा म्हणून फ्राय आणि एडिडिन यांचा १९७० चा प्रयोग सांगितला. त्यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडून एकच पेशी केली आणि दोघांची प्रथिनं वेगवेगळ्या चमकत्या रंगांनी ओळखली. आधी अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटांत रंग मिसळून गेले. थंडीत मात्र मिसळले नाहीत.

यावर ती म्हणाली, "ताई, मग आतड्याच्या पेशीत सगळं मिसळून का जात नाही?" आणि खरंच की! अन्नाच्या बाजूला ग्लुकोज आत ओढणारं प्रथिन एसजीएलटी-१, रक्ताच्या बाजूला ते बाहेर सोडणारं ग्लूट-२ आणि सोडियम-पोटॅशियम पंप. पटल तर सलग एकच. अकरावीतल्या मुलीला हे सुचावं याचा मला फार आनंद झाला, म्हणून "तो अपवाद आहे" असं सांगून तिला गप्प करायचं नाही.

दुसरी शंका माझी स्वतःची. प्रथिन आडवं सरकतं, तर वरची बाजू खाली असं उलटत का नाही? जाणकारांनी कृपया सांगावं. संदर्भग्रंथ नकोत, मुलांना सांगता येईल असं हवं.

प्रतिसाद १

ताई, आधी दुसरी शंका. पटलातून आरपार जाणारा भाग बहुधा सुमारे २० अमिनो आम्लांचा मळसूत्री पेच असतो, बाहेरून तेलकट. म्हणून तो शेपट्यांमध्ये सुखाने राहतो. पण दोन्ही टोकांचे भाग पाण्यात रमणारे. उलटायचं तर त्यांना तो तेलकट थर पार करावा लागेल, आणि त्याला लागणारी ऊर्जा फारच मोठी. प्रथिन तयार होतानाच त्याची दिशा ठरते, ती तशीच राहते.

आता तिचा प्रश्न. आतड्याच्या शेजारी-शेजारी पेशी वरच्या कडेला घट्ट सांध्यांनी शिवलेल्या असतात. हा सांधा पेशीभोवती पट्ट्यासारखा फिरतो आणि प्रथिनांना ओलांडू देत नाही. दोन्ही बाजूंना प्रथिनं सरकतात, पण आपापल्या हद्दीत. शिवाय नवीन प्रथिनं पेशी योग्य बाजूलाच पाठवते. काही प्रथिनं आतल्या सांगाड्याला बांधलेलीही असतात. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या पटलातलं बँड-३ हे प्रथिन घ्या, त्यातली बरीचशी अँकिरिन या दुव्यासारख्या प्रथिनामार्फत सांगाड्यातल्या स्पेक्ट्रिन प्रथिनाच्या जाळीला अडकवलेली असतात.

धागाकर्ती

मनापासून आभार! पण फ्राय-एडिडिनच्या पेशीत हे सांधे का आड आले नाहीत? उद्या हाच प्रश्न येणार.

प्रतिसाद १

त्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी होत्या, आतड्यातल्यासारख्या अस्तराच्या नव्हेत, त्यामुळे असे सांधेच नव्हते. उलट पुरावाही आहे. अस्तराच्या पेशी सांधे तोडून सुट्या केल्या, की दोन्ही बाजूंची प्रथिनं मिसळू लागतात. तिला हेच सांगा.

आणि जमल्यास जुलाबातल्या मीठ-साखर-पाण्याची गोष्ट जोडा. एसजीएलटी-१ एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतं, त्यामागून पाणी येतं. हे अन्नाच्या बाजूला आहे म्हणूनच ओआरएस काम करतं.

धागाकर्ती

ओआरएस नक्की सांगते. बँड-३ चं चित्र उद्या फळ्यावर काढून दाखवेन.