एप्रिलपासून अंडी पातळ टरफलाची: चुनखडी किती अन् कधी द्यावी?

तिवसाकर:
ग्रामप्रिया जातीच्या ४० कोंबड्या, वय ३४ आठवडे. दिवसा मोकळ्या, वरून ज्वारी-मक्याचा भरडा अन् तुरीची चुनी. एप्रिल लागल्यापासून रोज पाच-सहा अंडी अशी, की बोटानं दाबलं तर टरफल खचते. एखादं तर नुसतं कातडीचं. कॅल्शियमचं औषध आठ दिवस पाण्यातून दिलं, फरक नाही. पानाचा चुना चालते काय?

वणीकर:
चुना नका देऊ भाऊ, तोंड-घसा पोळते. पायजे ती न भाजलेली चुनखडी, नाहीतर शिंपल्यांचा चुरा. दोन्हीत कॅल्शियम अंदाजे ३८ टक्के. एका टरफलात २ ग्रॅमच्या वर जाते अन् खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागते, म्हणून रोज ४ ग्रॅम धरा. ज्वारी-मक्यात ते नसल्यातच जमा. कोंबडीमागं १० ग्रॅम खडी, ४० ला ४०० ग्रॅम.

पण चुनखडीचं पीठ नको. टरफल बनते रात्री, तेव्हा दाणा पोटात नसते. ज्वारीच्या दाण्याएवढी खडी (२ ते ४ मिमी) पोटात अडकून पहाटेपर्यंत विरघळत राहते, पीठ लवकर निघून जाते. दुपारी ४ नंतर वेगळ्या टोपल्यात ठेवा, भरड्यात मिसळू नका. १६ आठवड्यांखालच्या पिलांचं मूत्रपिंड जास्तीच्या कॅल्शियमनं खराब होते. खडीवर लिंबू पिळून पाहा, फसफसली तर चुनखडी; गारगोटी गपचूप राहते.

अकोटकर:
खडीचं बरोबर, पण दुखणं एप्रिलातच का लागलं ते पाहा. ४३-४४ डिग्रीत कोंबडी धापा टाकते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो, बायकार्बोनेट घटतं आणि टरफलाला कार्बोनेट पुरत नाही. शिवाय ती खातेही कमी. दाणा पहाटे ५ ला आणि ऊन उतरल्यावर द्या, ११ ते ४ नकोच. दुपारी माठाच्या गार पाण्यात लिटरला १ ग्रॅम खायचा सोडा. त्याच पाण्यात कॅल्शियमचं औषध घालू नका, साका बसतो.

तिवसाकर:
घरची टरफलं दिली तर?

वणीकर:
द्या, पण तव्यावर भाजून, ओळखू येणार नाही अशी चुरून. नाहीतर कोंबड्या खुराड्यातलीच अंडी फोडायला शिकतात, अन् ते खोड मोडत नाही.

अकोटकर:
दहा दिवसांत सुधारलं नाही, टरफलावर सुरकुत्या, आतला पांढरा बलक पाण्यासारखा आणि कोंबड्या शिंकत असतील, तर कॅल्शियमचा प्रश्न नाही. ब्राँकायटिस किंवा राणीखेत हा साथीचा रोग असू शकतो; पशुवैद्यकांना दाखवा.