शिक्षा झालेला आरोपी गावात दिसला. माहिती कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

२०१९ साली बांधाच्या भांडणात भावकीतल्या एकाने माझ्या दादावर कोयत्याने वार केले. कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) लागलं. २०२३ मध्ये सत्र न्यायालयात ७ वर्षं सक्तमजुरी झाली, शिवाय दंडातले ५० हजार दादाला द्यायचा हुकूम. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे.

गेल्या सोमवारी दादा डेअरीवर दूध घालायला गेला. त्याच्या उजव्या हाताची मूठ वळत नाही, किटली डाव्या हातात धरतो. रांगेत मागे पाहिलं तर तोच माणूस, हातात किटली घेऊन उभा. दादा दूध न घालताच घरी आला. तेव्हापासून कडी लावून वर दाराला पाटा टेकवतो, मग झोपतो.

आम्हाला ना कागद आला, ना फोन. ठाण्यात विचारलं तर "कोर्टात विचारा". सरकारी वकीलही बदललेत. साक्ष हवी होती तेव्हा समन्स घेऊन शिपाई दारात यायचा हो. निकाल लागला आणि आम्ही कोणीच नाही!

तो जामिनावर आहे की संचित रजेवर (फर्लो, म्हणजे कैद्याला तुरुंगातून मिळणारी ठरावीक दिवसांची सुट्टी), हे कसं कळेल? आणि भरपाईचा छदामही मिळालेला नाही, त्याचं काय? जिल्हा सातारा.

प्रतिसाद १
ताई, आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर आरोपीच्या नावाने अपील शोधा. सातारा जिल्हा १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (याच उच्च न्यायालयाचं तिथलं पीठ) आहे, तिथेही बघा. जामिनाचा आदेश असेल तर अटींसकट वाचता येईल. आदेश नसेल तर बहुधा रजा. रजेआधी तुरुंगाकडून स्थानिक ठाण्याचा अहवाल मागवतात, म्हणजे ठाण्याला अगदीच माहीत नसेल असं नाही. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

भरपाई दंडातून असेल तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत मिळत नाही, कायद्यातच तसं आहे. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा (हेल्पलाइन १५१००). महिलांना उत्पन्नाची अट नाही, दिव्यांगांनाही मोफत वकील मिळतो. अपिलात पीडिताचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. वकिलांना तेवढं सांगितलंत तरी पुरे.

प्रतिसाद २
दादांना एकटं पाठवू नका डेअरीवर.

धागाकर्ती
सापडलं! जामीन मार्चमध्येच झालाय. अट अशी की अपील संपेपर्यंत तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही. डेअरीच्या काट्यावर कॅमेरा आहे, पण सचिव म्हणतात पंधरा दिवसांनी चित्रण पुसलं जातं. आज नववा दिवस. लेखी अर्ज घेऊन आत्ताच निघतेय, विधी सेवाच्या वकिलांना उद्या भेटते.