वकिलीची सनद नसताना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोर्टात बोलता येईल का? ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 32 बद्दल मदत हवी आहे

मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात आलेल्या एका ताईंचा पोटगीचा अर्ज मी तयार केला. त्यांच्याशी तीनदा बसून बोलले, नवऱ्याच्या उत्पन्नाचे कागद जमवले. माझ्या वरिष्ठ वकील मॅडमनी मसुदा दोनदा लाल पेनने दुरुस्त करून दिला. वकीलपत्र अर्थातच मॅडमचं.

गेल्या तारखेला मॅडम वरच्या मजल्यावर उलटतपासात अडकल्या आणि इकडे आमचा पुकारा झाला. फाईल माझ्या हातात, पान न पान पाठ. ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प उभी राहिले. सव्वा महिन्यानंतरची तारीख पडली. अंतरिम पोटगी तेवढी लांबली. त्यांच्या मुलीची फी थकली आहे हे मला माहीत होतं, म्हणून ते जास्त लागलं.

कॉलेजात मूट कोर्ट, म्हणजे सरावापुरता काल्पनिक खटला, होतं. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून डायरी लिहायची असते, तीही लिहिली. ‘हे म्हणणे खरे नाही’ हे वाक्य साक्षीदाराच्या जबाबात किती वेळा येतं ते कळलं, पण त्याआधीचा प्रश्न कसा विचारायचा हे बाकावर बसून येत नाही. सनद घेण्याआधी एक वर्ष प्रशिक्षण घ्यायचा बार कौन्सिलचा 1995 चा नियम सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये रद्द केला. त्यामुळे सनद मिळाली की दुसऱ्याच दिवशी एकटीने खुनाचा खटला चालवायला आडकाठी नाही, आणि आदल्या दिवशी पुढची तारीखसुद्धा मागता येत नाही. अमेरिकन बार असोसिएशनने 1969 मध्येच नमुना नियम केला होता: चार सत्रं झालेला विद्यार्थी, पक्षकाराची लेखी संमती आणि देखरेखीला वकील. आपल्याकडे अशी मधली पायरी असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 32 प्रमाणे सनद नसलेल्या व्यक्तीला एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती परवानगी कोर्ट देऊ शकतं. विद्यार्थ्यासाठी कुणी असा अर्ज केला आहे का? तो मॅडमनी द्यायचा की ताईंनी?

प्रतिसाद
अर्ज ताईंच्या सहीनेच द्या. हरिशंकर रस्तोगी (1978) हा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. विनंती पक्षकाराकडूनच यायला हवी आणि परवानगी आधी घ्यायला हवी, असं त्यात स्पष्ट आहे. हा तुमचा हक्क नाही, कोर्टाची मर्जी आहे, हे धरून चाला. तारीख, काम आणि मॅडम शेजारी उभ्या राहणार हे अर्जात लिहा. पहिल्याच खेपेला उलटतपास मागू नका, अंतरिम पोटगीवरचा युक्तिवाद तेवढा मागा. बँड-गाऊन मात्र घालायचा नाही. आणि परवानगी मिळण्याआधी एक शब्दही बोलू नका. कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे.

धागाकर्ती
खूप आभार, सर. मॅडमशी आत्ताच बोलले, त्या शेजारी उभ्या राहायला तयार आहेत. अर्ज मराठीत लिहिते, म्हणजे ताईंना सही करण्याआधी स्वतः वाचता येईल. एकच विचारायचं राहिलं: तो तारखेच्या दिवशीच द्यावा, की प्रकरण आधी बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, घ्यायची विनंती करावी?